मस्टँगच्या आसनांवरचे घोडे

मिशिगनमधल्या आमच्या गॅरेजमध्ये सध्या १९६६ सालची फोर्ड मस्टँग उभी असून तिच्या आसनांच्या पाठीवर धावत्या घोड्यांचा उठावदार ठसा आहे. हे ‘पोनी इंटीरियर’ पहिल्या पिढीच्या सुरुवातीच्या गाड्यांतच मिळत असे, त्यामुळे ते जपणे मला इंजिनाइतकेच महत्त्वाचे वाटते. नवी कव्हरे मागवण्यापूर्वी ड्रायव्हरच्या दारावरील माहितीच्या पट्टीवरचा ट्रिमचा, म्हणजे आतल्या सजावटीचा, कोड वाचावा; मधल्या एखाद्या मालकाने रंग बदलला असला, तरी कारखान्यातून गाडी कोणत्या रंगाची सजावट घेऊन निघाली हे तिथे कळते.

जुने कव्हर काढताना ते सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या तारेच्या कड्या कापाव्या लागतात. नवे व्हिनाइल थंडीत ताठर असते, म्हणून ते उन्हात ऊबदार करून मध्यापासून कडांकडे ताणत नेले, तरच शिवण सरळ बसते आणि घोडे वाकडे होत नाहीत.

बाहेरच्या चकचकीत पट्ट्यांच्या बाबतीत आधी धातू ओळखावा. स्टेनलेस स्टीलवरचा पोचा मागून हलक्या हातोडीने उठवून, क्रमाने बारीक होत जाणाऱ्या पॉलिशपेपरने घासून आणि शेवटी बफ, म्हणजे चकाकी आणणारे फिरते कापडी चाक, लावून जवळजवळ नाहीसा करता येतो. जस्ताच्या मिश्रधातूवर क्रोमचा मुलामा दिलेल्या भागांतले खड्डे मात्र आतवर गेलेले असतात. ते भरून पुन्हा मुलामा देण्याचा खर्च मोठा असल्याने अशा ठिकाणी मी नवा भाग बसवतो. मूळ स्टेनलेस पट्टी सहसा टाकत नाही, कारण नव्याने बनवलेली पट्टी गाडीच्या वळणावर नेमकी बसेलच असे नाही.