भामरागडच्या वाटेवरचं माहेरघर

गडचिरोली जिल्ह्यातलं आलापल्ली सोडलं की दोन्ही बाजूंना सागाचं जंगल सुरू होतं. पुढे साठ-पासष्ट किलोमीटरवर भामरागड. पर्लकोटा नदी फुगली की तिथला संपर्क तुटतो, याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. आतल्या टोल्यांना, म्हणजे छोट्या वस्त्यांना मात्र साधा नालासुद्धा अडवून धरतो. तिथून कळा सुरू झालेली बाई खाटेवर घालून, खांद्यावर वाहून आणतात.

वाटेतल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात थांबलो. आवारातच माहेरघर आहे. दिवस भरत आलेल्या बायकांनी कळांची वाट न पाहता इथे येऊन राहायचं. सोबत आई किंवा सासू, शिवाय धाकटं लेकरूही आणता येतं. लेकरू मागे टाकून कोणती आई निघेल? ओट्यावर एक माडिया आदिवासी बाई अवघडून बसली होती आणि मांडीवरच्या लेकीच्या उवा काढत होती.

आतल्या फळ्यावर खडूने नाव, गाव, तारीख आणि हिमोग्लोबिन लिहिलेलं. एका नावापुढे 7.2. सिस्टर म्हणाल्या, "हिला लोहाचं सलाईन सुरू केलंय. एवढ्या कमी रक्तावर बाळंतपणातला थोडा रक्तस्रावही सोसत नाही." बाळंतपणानंतर रक्त थांबलं नाही, तर दोनेक तासांतही बाई जाऊ शकते. तेवढ्या वेळात खाट नाल्यापर्यंतही पोचत नाही. म्हणून रक्तस्राव आटोक्यात ठेवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आणि ते टोचणारा हात, दोन्ही आधीपासून जवळ हवेत. सिझेरियन लागलं तर मात्र अहेरी किंवा गडचिरोली गाठावीच लागते, आणि तीही वेळेत.

2018-20 मध्ये महाराष्ट्रात 1 लाख जिवंत जन्मांमागे 33 माता दगावल्या, देशात 97. राज्याचं हे काम मोठंच आहे. पण त्या 33 मध्ये पुणे-मुंबईही आली. या रस्त्यावर उभं राहून तो आकडा मला पुरेसा वाटला नाही.

सगळ्या खाटा भरलेल्या नव्हत्या. कारण विचारलं तर आशाताई म्हणाल्या, "धानाची रोवणी सुरू आहे ना. नाले भरतात तवाच रोवणी असते. सासू इथं बसली तं तिची मजुरी बुडते. तेवढे पैसे हातात वेळेवर पडले, तं बाया आठ दिवस आधी येतीन."