टी सेलच्या पिशव्या आणि चंदेरी केस

व्हायरस घुसलेल्या पेशीला किलर टी सेल (आपल्या प्रतिकारशक्तीची मारेकरी पांढरी पेशी) मारते हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण मारते कशी, ते बघितलं की मी अजूनही थक्क होते. तिच्या आत परफोरिन (पेशीच्या आवरणाला भोकं पाडणारं प्रोटीन) आणि ग्रॅन्झाइम (त्या भोकांतून शिरून पेशीला मारणारं प्रोटीन) भरलेल्या बारीक पिशव्या असतात, शिकार सापडली की टी सेल तिला चिकटते आणि या पिशव्या सरकत सरकत त्याच बाजूला गोळा होतात. पण नुसतं पोचून भागत नाही हं. रॅब२७ए हे प्रोटीन पिशवीला पेशीच्या आवरणाला टेकवतं, मंक१३-४ तिला उघडायला तयार करतं, मग सिंटॅक्सिन-११ सारखी स्नेअर प्रोटीन्स पिशवीचं आणि पेशीचं आवरण जोडतात, तेव्हा कुठे परफोरिन बाहेर पडतं.

२००३ मध्ये पॅरिसच्या टीमने मंक१३-४ बिघडलेल्या मुलांच्या पेशी तपासल्या, तर पिशव्या आवरणाला टेकलेल्या आणि तरी बंद! एसटी फलाटाला लागलीय पण दारच उघडत नाही, तसं.

आणि खरा घात पुढे आहे. इंटरफेरॉन गॅमा हा इतर पेशींना चेतवणारा संदेश वेगळ्या वाटेने बाहेर पडतो, त्याला मंक१३-४ लागत नाही, म्हणजे मारणं बंद पण आरडाओरडा चालूच, शिकार मरत नाही म्हणून टी सेल सुटत नाही, मॅक्रोफेज (गिळंकृत करणाऱ्या पेशी) चवताळतात आणि स्वतःच्याच रक्तपेशी गिळायला लागतात. ताप हटत नाही, प्लीहा वाढते, रक्तातलं फेरिटिन (लोह साठवणारं प्रोटीन) हजारांत जातं. हाच एचएलएच (हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस), म्हणजे प्रतिकारशक्तीच बेफाम होण्याचा आजार. इन्फेक्शन समजून नुसती अँटिबायोटिक्स बदलत राहिलं तर लेकरू हातचं जाऊ शकतं.

रॅब२७ए बिघडलं असेल तर एक खूण डोळ्यांना दिसते. हेच प्रोटीन रंगाच्या पेशींतही लागतं, त्यामुळे केस चंदेरी दिसतात, याला ग्रिसेली सिंड्रोम टाइप २ म्हणतात. एक केस साध्या मायक्रोस्कोपखाली धरला तरी रंगाचे वेडेवाकडे पुंजके दिसतात, त्याला काही खर्च नाही, म्हणून तापाने फणफणलेल्या बाळाचे केस बघाच असं मला मनापासून वाटतं. औषधांनी आग शमवता येते, पण या जन्मजात प्रकारांत पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांटच लागतं, त्यामुळे निदान लवकर झालेलं बरं.

पिशवी उघडते की नाही हे सीडी१०७ए टेस्टने कळतं. पिशवीच्या आतल्या बाजूचं हे प्रोटीन ती उघडली की पेशीच्या बाहेर दिसायला लागतं. परफोरिनच बनत नसेल तर मात्र ही टेस्ट नॉर्मल येते, कारण पिशवी उघडते, आत हत्यार नसतं, म्हणून परफोरिन वेगळं तपासावं लागतं.