ते खालून कोण पाहतं?

मॉडेल विमानाच्या चाकांवर एवढा वेळ का घालवतो, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. घरी आलेला माणूस कपाटातलं नॅट या लढाऊ विमानाचं छोटं मॉडेल हातात घेतो, इकडून-तिकडून पाहतो, आणि याच्या चाकांवर माझे तीन आठवडे गेले म्हटलं की हमखास विचारतो, "पण भाऊ, ते खालून कोन पाह्यते?"

कोणी पाहत नाही. मान्य. पण विमान उभं कसं आहे ते तर दिसतं ना.

मी भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होतो. जॅकवर उचललेलं इंजिन आणि रुळावर टेकलेलं इंजिन लांबूनच वेगळं ओळखू येतं. वजन आलं की स्प्रिंगा बसतात. जन्मभर हेच पाहिलं, तरी पहिलं नॅट मी डब्यातल्या कागदावर छापलं होतं तसंच चिकटवलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, मुलीला सोडायला आमचे याही (व्याही) आले होते. हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचा कारागीर म्हणून नोकरी केलेला माणूस. चहा संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "याही, तुमचं विमान अजून टेकलंच नाही. हे पाय हवेतले आहेत."

मला झोंबलं. रंगाला कोणी नावं ठेवली असती तर चाललं असतं, पण फिटरला हे ऐकवायचं म्हणजे!

त्यांचं बरोबर होतं. विमानाच्या पायात, म्हणजे चाक धरणाऱ्या खांबात, तेल आणि दाबलेला वायू असतो. हवेत असताना आतला दांडा पूर्ण बाहेर येतो, जमिनीवर वजन पडलं की आत जातो आणि चकचकीत भाग थोडाच उरतो. मॉडेलच्या सुट्या भागांच्या बऱ्याच किटमध्ये पाय लांब सुटलेलाच ओतलेला असतो. नॅटची लांबी पावणेनऊ मीटर. 1:72 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शात, ते जेमतेम बारा सेंटीमीटर भरतं. म्हणजे पायात एक मिलीमीटर चुकलात तर खऱ्या विमानात 72 मिलीमीटर, जवळजवळ तीन इंच. आता मी पाय कापतो, मधे पितळी तार घालून परत जोडतो, आणि उघड्या दांड्याला रंग न लावता गोळ्यांच्या पाकिटाची चांदी गुंडाळतो. रंगातली चांदी शेवटी रंगच दिसते. टायरचा तळ पॉलिश पेपरवर दोनदा ओढायचा. तीनदा ओढलात तर पंक्चर दिसतं. ब्रेकच्या नळीसाठी पंख्याच्या वाइंडिंगची 36 गेजची तार. नाकात शिसं भरायचं, नाहीतर विमान शेपटीवर बसतं. मी तापीवरच्या मासेमाऱ्यांकडून जाळ्याच्या गोळ्या आणतो.

नॅटची आणखी एक गंमत आहे. त्याच्या चाकांची झाकणं हेच त्याचे हवेतले ब्रेक. वेग कमी करायचा तर पायलट विमानाचे पाय अर्धवट खाली सोडायचा आणि ती झाकणं वारा अडवायची. हे कळल्यापासून ती मला नुसती झाकणं म्हणून चिकटवता येत नाहीत, कोन मोजून बसवतो.

रंगाचं दुखणं मात्र आपल्या खानदेशाचं. 1965 च्या लढाईतलं नॅट चंदेरी होतं. चंदेरी हवं तर आधी चकचकीत काळा थर आणि त्यावर ॲल्युमिनियम. खालचा काळा जरा खरखरीत असला की चांदी चुगली करते. वैशाखात आमच्याकडे पारा 45 ला जातो. एअरब्रशमधून, म्हणजे रंगाच्या फवाऱ्याच्या पेनातून, निघालेला रंग विमानापर्यंत पोचायच्या आत सुकतो आणि पंख कळण्याच्या भाकरीसारखा होतो. एकदा शहाणपणा करून कुलरसमोर बसलो. ओलाव्यानं लॅकर पांढुरका पडला आणि वर कुलरच्या गवताची एक काडी उजव्या पंखावर आडवी चिकटली. पूर्ण पंख खरवडला. तेव्हापासून पहाटे साडेपाचला, गच्चीच्या जिन्यात, दार लावून. थिनर नेहमीपेक्षा जास्त, रंग सावकाश सुकवणाऱ्या रिटार्डरचे दोन-चार थेंब, हवेचा दाब कमी आणि एअरब्रश जवळ. सात वाजले की बंद. बायको म्हणते, ड्युटीला असताना तरी एवढ्या पहाटे उठला होता का?

सध्या टेबलावर मिग-21 आहे. शेजारी नाशिकजवळ ओझरला बनायचं ते, आणि सप्टेंबर 2025 मध्ये हवाई दलातून निवृत्त झालं. त्याचा पंख इतका पातळ की चाक त्यात मावत नाही. म्हणून पाय पंखात दुमडतो आणि चाक वळून पोटात उभं शिरतं. पोटातली ती जागा किटमध्ये नुसता सपाट खड्डा होती. ती कोरण्यात आठवडा गेला. चाकांच्या हब, म्हणजे मधल्या तबकड्या, हिरव्या, चांगल्या भडक. पाहणाऱ्याला वाटतं माझाच रंग चुकला. रशियन विमानांना तसाच असतो.

डावा पाय अजून चिकटवलेला नाही. आखाजीला याही येणार आहेत. तोवर खोडरबरात खोचून ठेवलाय.