तुम्ही विचारलंत म्हणून: घरात लहान पोर, आणि डॉबरमन?

"वहिनी, लहान पोर आहे घरात, आणि डॉबरमन कसा काय पाळलात? तो मालकावर उलटतो ना?"

निफाडच्या आमच्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीला सुरगाणा-पेठहून येणाऱ्या बायका हे विचारतात. शाळेच्या गेटवर भेटणाऱ्या आया विचारतात. लग्नकार्यात नातेवाईक तर हात धुवायच्या आधी विचारतात. उभ्या उभ्या कितीही सांगितलं तरी अर्धंच सांगून होतं. तुम्ही परत विचारलंत, तर आज बसून सांगते.

आधी ते उलटण्याचं. गोष्ट अशी सांगतात की डॉबरमनचा मेंदू वाढत राहतो, कवटी वाढत नाही, मग पाच-सात वर्षांचा झाला की डोक्यात कळा येऊन तो वेडा होतो आणि आधी मालकालाच फाडतो. मला ही गोष्ट माझ्या चुलत दिरांनी सांगितली, तीही स्वतःचं कपाळ दोन्ही हातांनी दाबून धरत, म्हणजे मला नीट समजावं. यात काडीचं तथ्य नाही. कुत्र्याची कवटी आणि मेंदू यांची वाढ लहानपणीच पुरी होते. उतारवयात मेंदू उलट थोडा आकसतो. या जातीत वाढतं ते हृदय. त्याचे स्नायू कमकुवत होतात, कप्पे फुगतात, ठोके चुकायला लागतात. युरोपातल्या डॉबरमनांची तपासणी झाली तेव्हा आयुष्यात कधी ना कधी हा आजार होणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याहून जास्त निघालं. काही कुत्री तर आधी कुठलंच लक्षण न दाखवता धावता धावता कोसळतात. आमच्या घरात भीती आहे ती ही. म्हणून आम्ही आमच्या कुत्रीला दरवर्षी शहरात नेऊन हृदयाचा इको काढतो, आणि कधीकधी दिवसभर ठोके टिपणारं यंत्र पट्ट्याने अंगाला बांधून घेतो. ते बांधलं की ती असा चेहरा करते की जणू आम्ही तिचा जाहीर अपमान केलाय.

तिचं नाव चिंगी. नाव सासूबाईंनी ठेवलं. आम्ही टायगर, शेरा वगैरे सुचवत होतो, त्या म्हणाल्या, "एवढंसं तर आहे, चिंगी म्हणा." आता ती पस्तीस किलोच्या आसपास आहे आणि नाव तेच आहे. घरात तिला स्वतःची जागा आहे, पण ती तिथे बसत नाही. जिथे माणूस, तिथे ती. मी ओट्याशी उभी राहिले की मांडीला अंग रेलून उभी राहते, मी बाजूला झाले तर पडेल इतकी. सासूबाई जपाला बसल्या की तोंड त्यांच्या पावलावर. रात्री मुलीच्या गोधडीचा कोपरा तोंडात धरून चोखत बसते. ही खोड बऱ्याच डॉबरमनांत असते. कुणी गोधडी चोखतं, कुणी स्वतःचीच कूस. शास्त्रज्ञांनी त्यामागचं जनुकही शोधायचा प्रयत्न केलाय. आम्ही गोधडी धुतो आणि गप्प बसतो.

आणि थंडी! या जातीला अंगालगतची मऊ लव नसते, वरचा आखूड केसांचा एकच थर. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत कुठे जातो ते पेपर वाचणाऱ्यांना ठाऊकच आहे. बागेत शेकोटी पेटली की सगळ्यात पुढे चिंगी, सासूबाईंनी विणलेला लाल स्वेटर घालून. तिला त्या स्वेटरमध्ये पाहिलेला माणूस पुन्हा मेंदूची गोष्ट काढत नाही, असा माझा अनुभव.

मग लोकांची भीती आली कुठून? ती अगदीच हवेतली नाही, हेही सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या आपोल्डा गावात लुई डॉबरमन नावाचा माणूस करवसुली करायचा. गावातली मोकाट कुत्री पकडायचं कामही त्याच्याकडे होतं. खिशात पैसे घेऊन एकट्यानं हिंडायचं, तर सोबतीला असा कुत्रा हवा होता ज्याला बघून लोक दोन पावलं मागे सरतील. तसा त्याने तयार केला. ती सुरुवातीची कुत्री खरंच कडक होती. तो 1894 मध्ये गेला, आणि त्यानंतर या जातीची पैदास करणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या तो कडकपणा निवडून निवडून कमी केला. राहिलं ते आपल्या माणसाला चिकटून असणं. करवसुली करणाऱ्याला तेही हवंच होतं.

आपल्याकडे तो पोलिसांबरोबर लोकांच्या डोळ्यांपुढे आला. मुंबई पोलिसांचं श्वानपथक 1959 मध्ये सुरू झालं ते तीन डॉबरमन घेऊन. सासूबाई त्यांच्या माहेरची आठवण सांगतात. गावात घरफोडी झाली, जीपमधून काळा कुत्रा उतरला, आणि तो कुणाच्या दारासमोर थांबतोय हे बघायला अख्खं गाव ओट्यांवर. ज्यांनी काही केलं नव्हतं तेही घामाघूम. शेवटी पेपरात नेहमीचीच ओळ आली, श्वान मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळले. चोर सापडला नाही, पण कुत्र्याचा दरारा मात्र त्या पिढीच्या मनात कायमचा बसला.

उरलेला दरारा कात्रीचा. डॉबरमनचे कान जन्मतः खाली पडलेले असतात, शेपूटही चांगली लांब असते. ते टोकदार उभे कान म्हणजे पिल्लू दोन-तीन महिन्यांचं असताना कापून, चिकटपट्ट्या लावून उभे केलेले. जर्मनीत कान कापणं कधीच बंद झालं, शेपूट कापणंही. आपल्याकडे 2017 च्या पैदास-विक्रीच्या नियमांत दोन्हीला मनाई आहे, तरी चिंगी आमच्याकडे आली ती शेपूट गमावूनच. कान वाचले. त्या लोंबत्या कानांमुळे निम्मे लोक तिला डॉबरमन मानतच नाहीत. "क्रॉस आहे का हो?" असं विचारत डोक्यावरून हात फिरवतात. जात सांगितली की हात मागे घेतात. कुत्री तीच.

तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते, पोरीबद्दल. माझी मुलगी पहिलीत आहे, आणि घरातले काही नियम कुत्रीपेक्षा तिच्यासाठी जास्त आहेत. चिंगी जेवत असताना जवळ जायचं नाही. झोपेत असताना अंगावर पडायचं नाही. ती उठून दुसऱ्या खोलीत गेली तर मागे जायचं नाही. गुरगुरली तर तिला रागवायचं नाही, आपण लांब व्हायचं. गुरगुरणं ही सूचना असते, आणि सूचना देणाऱ्या कुत्र्याला गप्प केलं की पुढच्या वेळी ते सूचना न देता चावतं. आणि मोठं माणूस खोलीत नसेल तर दोघींना एकत्र सोडत नाही. हे डॉबरमन आहे म्हणून नाही. पॉमेरेनियन असतं तरी हेच केलं असतं, किंबहुना जास्तच. आमच्या नात्यात कुत्र्याचे टाके पडलेले जे कुणी आहेत ते सगळे पॉमेरेनियनची कृपा.

2022 मध्ये अमेरिकेत अठरा हजारांवर कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकेका कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम नऊ टक्के जातीवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. बाकी संगोपन, संगत आणि ज्याचा त्याचा स्वभाव.

संगोपन म्हटलं की साखळी आठवते. आमच्या भागात डॉबरमन आणतात ते मळ्याच्या राखणीला. पत्र्याच्या शेडबाहेर खुंटीला बांधतात, सकाळ-संध्याकाळ भाकरी टाकतात, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून भुंकला की कौतुक करतात. माणसाला चिकटून राहण्यासाठीच घडवलेलं जनावर दिवसच्या दिवस एकटं, जागचं हलू न देता. ते बिघडणारच. मग एक दिवस गड्याचा हात धरतं, आणि गाव म्हणतं, बघा, उलटलं की नाही. शिवाय उसाच्या पट्ट्यात बिबटे आहेत. साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे त्यांच्यासाठी वाढून ठेवलेलं पान. चिंगी रात्री घरात झोपते ते पाहून शेजारच्या मळ्यातले काका म्हणतात, "राखणीचं कुत्रं आणि गादीवर?" मी म्हणते, काका, आम्ही राखणीला आणलंच नाही. अर्थात परकं माणूस फाटकाशी आलं की ती आवाज देतेच. मी "बास" म्हटलं की बास. ते शिकवायला मात्र रोज वेळ द्यावा लागला, आणि सकाळ-संध्याकाळ तिला दमेपर्यंत पळवावं लागतं. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी डॉबरमन घेऊ नये, हे मी स्पष्ट सांगते. मग वाईट वाटलं तरी चालेल.

एक राहिलं. "सरकारने बंदी घातलीय ना?" असं अजूनही कुणीतरी विचारतंच. मार्च 2024 मध्ये केंद्राने तेवीस आक्रमक जातींवर बंदी आणण्याचं पत्र राज्यांना पाठवलं होतं. त्यात डॉबरमन नव्हता. 'टेरियर' असा एका शब्दात अख्खा गोतावळा मात्र होता, त्यातल्या कितीतरी जाती हातातल्या पिशवीत मावतील. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र एप्रिलमध्येच रद्द केलं.

एवढं ऐकलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग पिल्लू मिळेल का एखादं?" नाही मिळणार, तिचं ऑपरेशन केलंय. घ्यायचंच असेल तर पिल्लाच्या आईला प्रत्यक्ष भेटा, ती अनोळखी माणसाशी कशी वागते ते बघा, आणि आईबापांच्या हृदयाच्या तपासणीचे कागद मागा. विकणारा हसला, तर चहा पिऊन परत या.