डेथ व्हॅलीत पालथं पडून पाहिलेली फुलं

मार्चच्या मध्यावर लास वेगासहून दोन तासांत कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या वाळवंटात पोचलो. डोक्यात २००५ आणि २०१६ च्या बहराचे फोटो होते, पिवळेधमक उतार. या हिवाळ्यात मात्र पाऊस बेताचाच. फर्नेस क्रीकच्या व्हिजिटर सेंटरमधल्या बाई म्हणाल्या, गाडीतून काही दिसणार नाही, उतरून चाला.

बॅडवॉटरवरून दक्षिणेला, अ‍ॅशफर्ड मिलच्या पुढे, जुबिली पासच्या चढाला थांबलो. नुसती खडी. मन खट्टू झालं. तेवढ्यात बायको म्हणाली, "अरे, खाली बस."

बसूनही भागेना, शेवटी पालथा पडलो. नाकासमोर डेझर्ट स्टार! पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळं, अख्खं रोपटं रुपयाच्या नाण्याखाली झाकलं जाईल एवढं आणि त्यावर एकच फूल. पाऊस चांगला झाला तर याच रोपट्याला कितीतरी फुलं येतात. ओल कमी, तर एकच. शेजारी पर्पल मॅट जमिनीला चिकटून पसरलेलं. अशा फुलांना इकडे ‘बेली फ्लॉवर्स’च म्हणतात, म्हणजे पोटावर पडून बघायची फुलं.

कासला सीतेची आसवं बघायला असेच वाकलो होतो. पण तिथे पायाखाली पाणी होतं, इथे वर्षाला जेमतेम ५ सेंटिमीटर पाऊस. पावसानं बियांवरचा थर नीट धुतला गेला तरच त्या रुजतात. नुसत्या शिंतोड्याला फसत नाहीत, वर्षानुवर्षं वाट बघतात.

माझी जलरंगांची वही दोन वर्षं कोरी होती. काढायचं तर मोठं, हा हट्ट. तिथे चार पानं भरली, प्रत्येक फूल आहे त्याच मापाचं.

जाणार असाल तर सखल भागासाठी फेब्रुवारीचा मध्य ते एप्रिलचा मध्य धरा. उशीर झाला तर ३,००० फुटांच्या वर शोधा. भिंग आणि जुनी चटई घ्याच. पाणी माणशी ४ लिटर. पेट्रोल आत महाग, बाहेरच टाकी भरा. रेंज बहुतेक ठिकाणी नाही, नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. चालायचं ओढ्यांच्या कोरड्या पात्रातून. आडवं होण्याआधी जागा हातभर अंतरावरून तपासा, नाहीतर जे बघायला आलात तेच चिरडाल. फूल तोडायला बंदी आहे.

परतताना उन्हं कलली आणि ग्रॅव्हल घोस्ट दिसलं. पानं जमिनीसपाट, दांडा इतका बारीक की दिसतच नाही, पांढरी फुलं हवेत तरंगल्यासारखी. सकाळी याच जागेवरून आम्ही दोनदा गेलो होतो.