दादाचा नंबर

आमच्या टीव्हीखालच्या खणात, वीजबिलांच्या फायलीशेजारी, एक बटणांचा फोन असतो. त्याच्यावरचा पाचाचा आकडा पुसून गेलाय, मागचं झाकण रबरबँडने धरून ठेवलंय आणि पाठीवर चिकटपट्टी लावून दहा आकडी नंबर लिहिलाय, कारण तो आमच्यापैकी कुणालाच पाठ होत नाही. दादाला मात्र झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. दादा राहतो न्यू जर्सीत. नंबर राहतो मुलुंडला, आमच्याकडे.

ही सोय फक्त आमच्या घरात आहे असं मला बरेच दिवस वाटायचं. मग कळलं, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे असे दोन फोन आहेत, एकावर ‘मेलबर्न’ आणि दुसऱ्यावर ‘टोरांटो’ असं लिहिलेले. बिल्डिंगमधल्या निम्म्या कपाटांमध्ये कुणाचा ना कुणाचा मुलगा चार्जिंगला लावलेला असणार.

कारण एकच, ओटीपी. दादाचं इथलं खातं, म्युच्युअल फंड, आईचा मेडिक्लेम, सगळं या नंबराला बांधलेलं. बँकेला दादा ओळखता येत नाही, नंबर ओळखता येतो. त्यामुळे रात्री दहाच्या सुमाराला, तिकडे त्याची जेवणाची सुट्टी झाली की, फोन येतो. ‘हॅलो’ नाही, ‘कशी आहेस’ नाही, थेट ‘आला का?’ आतून आई विचारते, ‘कोण आलं गं?’ मी म्हणते, ‘ओटीपी.’ मग चष्मा शोधायचा, बारीक अक्षरांतले सहा आकडे वाचायचे. त्याच मेसेजात खाली लिहिलेलं असतं की हा क्रमांक कुणालाही सांगू नका. मी तो ज्याचा आहे त्यालाच सांगत असते, पण हे बँकेला समजावणार कोण?

नंबर जिवंत ठेवणं हे काम आहे. नव्वद दिवस त्याचा काहीच वापर झाला नाही तर कंपनी तो काढून घेऊ शकते. दादाने सिम घेतलं तेव्हा ते ‘लाइफटाइम’ होतं. आता कंपन्यांचा महिना २८ दिवसांचा झालाय, म्हणजे वर्षात महिने १३. २०२४च्या अखेरीस ट्राय या दूरसंचार नियामकाने नुसत्या बोलण्या-मेसेजचे, वर्षभरापर्यंत चालणारे पॅक द्यायला लावले तेव्हा कुठे जरा हायसं वाटलं. नाहीतर इंटरनेट न कळणाऱ्या फोनसाठी आम्ही रोजच्या दीड जीबीचे पैसे भरत होतो.

आणि या फोनवर दादाचं एक वेगळंच आयुष्य चालू असतं. सराफ त्याला अक्षय तृतीयेची आठवण करून देतात. वाढदिवसाला स्थानिक पुढाऱ्याच्या शुभेच्छा येतात, त्याच्या बायकोच्या आधी. २० मे २०२४ला मुंबईत लोकसभेचं मतदान होतं. त्याआधी आठवडाभर उमेदवारांचे रेकॉर्ड केलेले आवाज ‘नमस्कार, मी आपलाच’ म्हणून खणात बोलत होते. तोवर दादाने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेलं होतं. उमेदवाराला ते कोण सांगणार!

ते नागरिकत्वही काही पटकन मिळालं नाही. नोकरीच्या वाटेने मिळणाऱ्या ग्रीन कार्डांपैकी कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांपेक्षा जास्त मिळत नाहीत. भारत असो की आइसलँड, माप तेच. दादाचे केस त्या रांगेतच पिकले. कार्ड मिळाल्यावर आणखी पाच वर्षं आणि मग परीक्षा. तेव्हा १०० प्रश्नांची यादी असायची, त्यातले दहापर्यंत तोंडी विचारत आणि सहा बरोबर आले की पास. दादाची उजळणी आईने फोनवरून घेतली. भाचीने मराठीत लिहून पाठवलेला कागद समोर ठेवून ती विचारायची, ‘सिनेटर किती?’ तिकडून उत्तर यायचं, ‘शंभर.’ आईला ते प्रश्न अजून पाठ आहेत. आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण, हे मात्र तिला तेव्हाही सांगता आलं नसतं. अर्थात मार्च २०२२नंतर मुंबईला बराच काळ नगरसेवकच नव्हते, त्यामुळे तो दोष आईचा नव्हे.

शपथेत परक्या राजा-सरदारांवरची निष्ठा सोडतो असं म्हणावं लागतं. आईने काळजीने विचारलं, ‘म्हणजे लालबागच्या राजाचीसुद्धा का रे?’ दादा हसला. नंतर एकदा म्हणाला, शपथ घेताना काही वाटलं नाही, छोटा झेंडा हातात दिला, फोटो काढले, जेवायला गेलो. पण जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का बसून परत आला, तेव्हा तो ठेवायचा कुठे तेच त्याला कळेना. टाकवेना आणि उपयोगही नाही.

आपल्या १९५५च्या कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की आपलं संपतं. त्यावर उतारा म्हणून २००५पासून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड आहे. आयुष्यभराचा व्हिसा, पण मत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली चालते. म्हणून गावच्या सातबाऱ्यावर बाबांच्या मागे दादाचं नाव लागलं, पण शेजारचे चार गुंठे घ्यायचे म्हटले की कायदा आडवा. २०२१च्या नियमांनी तर गिर्यारोहणालाही खास परवानगी लागते. दादा म्हणाला, ‘आता राजमाचीला जायचं तर आधी दिल्लीला अर्ज करू का?’

सातबाऱ्यावरून मला काका आठवतात. बाबा साठच्या दशकात देवगडकडून बोटीने आले, भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि परळला गावकरी मंडळाच्या खोलीत राहिले. पुढे मुंबईतच नोकरी, लग्न, आम्ही, सगळं झालं. तरी शेवटपर्यंत ‘आमच्याकडे’ म्हणजे देवगड. गणपतीला गेलं की घर शाकारलेलं, अंगण सारवलेलं असायचं आणि बाबा म्हणायचे, ‘घर ते घरच.’ ते घर राहिलं होतं, कारण काकांनी घरपट्टी भरली होती, कौलं फिरवली होती, पावसाळ्याआधी झडपं बांधली होती. मुंबईला गेलेल्यांना गावाबद्दल काय वाटतं यावर कविता झाल्या, भाषणं झाली. कौलं फिरवताना काकांना काय वाटायचं, ते कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नाही. ‘मी नेमका कुठला?’ हा प्रश्न गेलेल्याला पडतो; राहिलेल्याला रिचार्ज संपत आल्याचा मेसेज येतो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. बरं, थोडी तक्रार आहेच.

भाची मात्र या प्रश्नाला फार मान देत नाही. मागच्या सुट्टीत आली तेव्हा विमानतळाच्या वायफायपासून सगळीकडे तिची अडवणूक झाली. जो तो इथला दहा आकडी नंबर मागे आणि हिचा अमेरिकेचा. शेवटी तिने खणातला फोन पर्समध्ये टाकला आणि गावभर हिंडली. डिलिव्हरीवाले तिला फोनवर ‘सर’ म्हणायचे, ही ‘हां, बोला’ म्हणायची. रविवारच्या मराठी शाळेतलं तिचं मराठी व्याकरणाने इतकं शुद्ध आहे की रिक्षावाले मागे वळून बघतात.

आमचा भाजीवाला मूळचा जौनपूरचा. मुलुंडमध्ये त्याचे केस पिकले, मराठी माझ्यापेक्षा ठसक्यात बोलतो. त्याने तिला विचारलं, ‘पाहुण्या का?’ ती म्हणाली, ‘नाही, माझ्या बाबांचं घर आहे इथे.’ तो कोथिंबिरीची जुडी झटकत म्हणाला, ‘माझा पोरगा गावी जातो ना, तिकडे त्याला बंबइया म्हणतात. इथे भय्या म्हणतात. त्याला म्हटलं, दोन्हीकडे हजेरी लागते ना, मग झालं.’ आणि जुडी फुकट दिली. मला इतक्या वर्षांत मिरचीसुद्धा फुकट दिलेली नाही.

परवा त्या फोनचा चार्जर गेला. बारीक पिनचा चार्जर आता आमच्या बाजूला कुणी ठेवत नाही. दादाला म्हटलं, आता बँकेत तुझा तिकडचाच नंबर दे, काही बँका घेतात म्हणे. म्हणाला, ‘डिसेंबरात आलो की फॉर्म भरतो.’ हे तो दर डिसेंबरात म्हणतो. मग लगेच सांगायला लागला, ‘तू लॅमिंग्टन रोडला जा. ग्रँट रोडला ईस्टला उतर, सरळ चालत जा, उडप्याचं हॉटेल लागेल, त्याच्या पुढच्या गल्लीत दुसरं दुकान.’ जन्म मुंबईत गेला तरी मला त्या बाजूला जायची वेळ क्वचितच आलेली. गेले. उडपी होता. दुसऱ्या दुकानात आता सीसीटीव्ही कॅमेरे मिळतात, पण त्याच्या शेजारच्याने खोक्यातून पिन शोधून दिली, साठ रुपयांना. रात्री दादाला कळवलं.

‘साठ?’ तो ओरडला. ‘अगं, तीसची वस्तू आहे. घासाघीस केली नाहीस?’