धूळ येते कुठून?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा म्हटल्यावर सहली आणि स्नेहसंमेलनं आठवली, पण मला लिहायचंय ते सातवीच्या विज्ञानाच्या बाईंनी दाखवलेल्या धुळीबद्दल.

दिवाळीची आवराआवर सुरू व्हायच्या आधी बाई काचपट्ट्या वाटायच्या. पट्टीवर व्हॅसलिनचं बोट फिरवायचं, घरात एका जागी ठेवायची आणि आठवड्याने सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. मखमलाबादच्या मुलाच्या पट्टीवर शेतातली काळी माती. ती सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट झिजून झालेली, हे बाईंनी सांगितल्यावर वर्ग गप्पच झाला. जुन्या नाशकातल्या वाड्यातून आलेल्या पट्टीवर बंबाची काजळी होती नि भिंतीचा चुना. माझी पट्टी आईच्या शिलाई मशीनजवळ ठेवलेली. तिच्यावर लाल सुती तंतू होता, फितीसारखा पीळ पडलेला. शेजारचा टेरिलिनचा मात्र सरळसोट, गुळगुळीत. परकराचं कापड आणि शर्टाचं कापड इतकं वेगळं असतं, हे मला तेव्हा कळलं. सराफ बाजारातली धूळ झारेकरी झाडून नेतात आणि धुऊन तिच्यातले सोन्याचे कण काढतात, हेही बाईंकडूनच ऐकलं.

मी आता प्राथमिक शाळेत शिकवते. घरातली धूळ म्हणजे आपलीच गळलेली कातडी, असं मुलं कुठून तरी ऐकून येतात. त्वचेच्या खपल्या धुळीत असतात हे खरं, पण दारं-खिडक्या उघडी ठेवणाऱ्या आपल्या घरांत चपलांबरोबर येणारी माती, धागे, परागकण, धूर हेही भरपूर असतं. त्या खपल्यांवर गादीतले माइट नावाचे बारीक जीव जगतात. ते जेमतेम पाव मिलिमीटरचे. चावत नाहीत, पण त्यांच्या विष्ठेने काही मुलांना शिंका येतात, दमा उसळतो. माइटना दमट हवा लागते, म्हणून गाद्यांना कडकडीत ऊन दाखवायची आजीची सवय मोलाची. चादरी-अभ्रे ६० अंशांच्या गरम पाण्यात धुतले तर माइट मरतात.

पालकांना मी एवढंच कळकळीने सांगते, की कोरडी फटकणी मारू नका, ओलं फडकं घ्या. स्थिर हवेत १० मायक्रोमीटरचा (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण दीड मीटरवरून आठेक मिनिटांत खाली बसतो, १ मायक्रोमीटरचा मात्र जवळजवळ १२ तास तरंगत राहतो. फटकणीने उडालेलं हे बारीक पीठ आपण कवडशात बघतो, आणि दम्याचं पोर ते दिवसभर छातीत घेतं.

या वर्षी शाळेने हा प्रयोग पुन्हा करावा, अशी माझी मनापासून विनंती आहे. सिडको, सातपूर, पंचवटी, गंगापूर रोड, जिथून जिथून मुलं येतात तिथल्या पट्ट्या एकत्र मांडाव्यात. काचपट्ट्या मी देईन, आणि बघायला शनिवारी येईन.